उंदराचे पिंजरे, सहा नग

४ मार्च

बाबा,

फोन केला की तुम्ही "आईला देतो" म्हणता आणि खरंच देता, म्हणून हे पत्र. पाकिटावर दुकानाचा पत्ता घातला आहे, म्हणजे ते आधी तुमच्या हातात पडेल.

आठ महिन्यांपूर्वी जे झालं त्याबद्दल हे पत्र नाही. तुम्ही बोललात ते बोललात, मी बोलले ते बोलले. मला तुमच्याकडून एक काम करून हवं आहे. गिऱ्हाईक म्हणून लिहिते आहे, तसंच वाचा.

मी इथे शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे, हे आईने सांगितलं असेलच. शाळेच्या कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या काकांना सगळे सेकंदकाका म्हणतात, कारण कोणी काहीही विचारलं की ते "एक सेकंद" म्हणतात आणि अर्धा तास लावतात. दुकानामागच्या खोलीत ते शोभेचे उंदीर पाळतात. घरात शिरतात ते नव्हेत. एकतीस वर्षं त्यांनी एकच वंश जपला आहे. नव्या पत्र्यावर ढगाची सावली पडावी तसा त्यांचा रंग आहे. कुठल्या जोडीला कुठली पिल्लं झाली ते सगळं वह्यांत लिहिलेलं आहे. आईबापांचा रंग मुलांत कसा उतरतो हे आमच्या शाळेतली मुलं फळ्यावरच्या चौकोनांत शिकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मला ते त्यांना जिवंत दाखवायचं आहे. म्हणून मी नोकरी लागूनही त्या ऑफिसात रुजू झाले नाही. आळस म्हणून नाही, आणि तुमचं नाक कापायला तर नाहीच.

काका आता मुलाकडे राहायला चालले आहेत. तिथे जनावरं चालत नाहीत. उंदीर मला द्यायला ते तयार आहेत, पण अट घातली आहे. म्हणाले, "आधी मांडणी दाखव, मग माझी पोरं मागायला ये." तीस तारखेला, रविवारी, ते बघायला येणार. मांडणी पसंत पडली नाही तर सगळे उंदीर बाजारातल्या प्राणीवाल्याकडे जातील, आणि तो ते सापांना खायला विकतो. एकतीस वर्षांचं काम एका आठवड्यात संपेल.

तर मला सहा घरं हवी आहेत. मी मुद्दाम घरं लिहिते आहे. अठरा इंच लांब, बारा रुंद, बारा उंच. वर आणि बाजूंना जाळी, पण तळ पत्र्याचा, बाहेर ओढता येईल असा. जाळीवर चालून उंदरांचे पाय सोलवटतात. लाकूड कुठेही नको. लाकडात मूत मुरतं आणि उरलेलं ते कुरतडतात. सहा अशासाठी की दोन घरांत एकेक नर आणि दोन-दोन माद्या राहतील, एकात पिल्लंवाली मादी, एकात वयात आलेल्या मुली, एकात म्हातारा नर. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांचे कान ठेवत नाहीत. सहावं घर साफसफाईच्या वेळी हलवायला.

जमणार नसेल तर तसं कळवा.

— गिऱ्हाईक


१४ मार्च

बाबा,

गोणपाट मिळालं. वर पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता आणि त्यावर तुमचं तिरकं अक्षर: "उंदराचे पिंजरे, सहा नग." दुसरा शब्द नाही. बरी आहेस का, नाही. मेलीस का, तेही नाही.

गोणपाटाचं तोंड सोडलं तर सगळ्यांत वर तोच, तुमचा नेहमीचा उंदीर पकडायचा पिंजरा. झडप, स्प्रिंग, आमिषाचा आकडा. लहानपणापासून पाहते आहे, डोळे मिटून ओळखेन. पुढचं बघायची गरज वाटली नाही. दोरी पुन्हा बांधली आणि गोणपाट खाली जिन्याखाली ढकलून दिलं.

तुम्हाला काय म्हणायचं आहे ते समजलं. पत्र नीट वाचूनच पाठवलेत, यात शंका नाही. मी राहायला जागा मागितली आणि तुम्ही पकडायचं सामान पाठवलंत. ठीक आहे.

कळवायला आनंद होतो की माझं अडलेलं नाही. शाळेच्या अडगळीत माशांच्या दोन काचेच्या पेट्या पडून होत्या. मुख्याध्यापिकांना विचारून घेऊन आले. दोन दिवस घासल्या. खोली शिंपीणबाईंच्या दुकानावर आहे. त्या माझ्या घरमालकीण. त्यांची परवानगी काढणं पेट्या घासण्यापेक्षा अवघड गेलं.

"उंदीर? माझ्या कापडांच्या डोक्यावर? डोकं फिरलंय का गं तुझं?"

"बाई, शोभेचे आहेत."

"शोभेचे असोत नाहीतर सोन्याचे. दात उंदराचेच ना?"

शेवटी असं ठरलं की एक जरी खाली दिसला तरी त्याच संध्याकाळी उंदीर आणि मी, दोघांनीही बिऱ्हाड हलवायचं. मी हो म्हटलं. माझ्याकडून एकही सुटणार नाही. तुमच्याशिवायही मला हे जमेल आणि मी ते करून दाखवीन.

— मी


२० मार्च

बाबा,

उत्तराची वाट बघत नाही. पण काम सुरू झालं की त्याची हकिगत सांगायची सवय मला तुमच्याच दुकानात लागली. तुम्ही जाळी कापत असायचात आणि मी पलीकडच्या स्टुलावर बसून बडबडत असायचे. तेव्हाही तुम्ही उत्तर देत नव्हतात, त्यामुळे फारसं बदललेलं नाही.

काचेच्या पेट्या बाद झाल्या. सेकंदकाका सहज म्हणून बघायला आले होते. मी त्यांच्याच खोलीतलं जुनं अंथरूण आणून आत घातलं होतं, रात्रभर पेटी बंद ठेवली होती. काकांनी झाकण काढलं आणि म्हणाले, "नाक घाल."

घातलं. डोळ्यांत पाणी आलं.

"काचेत हवा शिळी होते," ते म्हणाले. "तू दोन सेकंदांत नाक बाहेर काढलंस. ते कुठे काढणार?"

त्यांना कापडाच्या चिंध्याही आवडल्या नाहीत. शिंपीणबाईंनी मोठ्या मनाने कात्रणांची पिशवी दिली होती आणि मी ती घरट्यासाठी ठेवली होती. काकांनी एक लांब दोरा उपसला आणि माझ्या करंगळीला गुंडाळून ओढला. बोट पांढरं पडलं. "पिल्लाचा पाय याच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो," एवढंच म्हणाले. आता कागद फाडून घालते. मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिका आहेत. जीवशास्त्राला कोणीतरी उपयोगाला आणलं.

तर आता प्लास्टिकचे मोठे डबे घेतले आहेत. बाजूंना आणि झाकणाला खिडक्या कापल्या, त्यावर दुकानातून आणलेली जाळी तारेने शिवली. तुमची पक्कड असती तर टोकं नीट वळली असती, बोटं फाटली नसती. डबे भिंतीलगत ठेवले आहेत, पण ऊन थेट येत नाही आणि दारातल्या वाऱ्याचा झोतही लागत नाही अशा ठिकाणी. बुटांच्या खोक्याचं घरटं केलं आहे, एकच दार असलेलं.

काकांनी परीक्षा म्हणून एक मादी आणि तिची सहा पिल्लं आधीच आणून दिली. तीन आठवड्यांची आहेत. अंगापेक्षा त्यांच्या कानांचाच भार जास्त वाटतो. जाताना म्हणाले, "ही दहा दिवस सांभाळ. तीस तारखेला मोजून घेईन."

सगळं अगदी व्यवस्थित आहे, हे मुद्दाम कळवते.

— मी


२५ मार्च

बाबा,

मागच्या पत्रात सगळं व्यवस्थित आहे असं लिहिलं तेव्हा डब्यात पाच पिल्लं होती. सकाळी खाणं घालताना मोजली होती. खोक्यात झोपलं असेल असं मनाला समजावलं आणि तुम्हाला पत्र लिहायला बसले. दुसऱ्या दिवशी चार. काल तीन.

माझ्या पहिल्या पत्रात लांबी होती, रुंदी होती, उंची होती, तळ होता. जाळीच्या भोकाचं माप नव्हतं. मी पदवीधर. उंदराच्या छातीत किती बरगड्या असतात ते मला सांगता येतं. पिंजरेवाल्याची मुलगी असून जाळी घेताना मी फक्त ती गंजते का एवढंच विचारलं.

काल सकाळी शिंपीणबाई जिन्यावरून हाका मारत वर आल्या. हातात कोटाचं अस्तर होतं, कोपरा कुरतडलेला.

"हे काय आहे?"

मी अस्तराचा कोपरा बोटांत धरून पाहिला.

"सांग ना, शोभा आहे का ही?"

मी सगळं खरं सांगितलं. तीन सुटले आहेत, तुमच्याच दुकानात आहेत, तीस तारखेला मला ते परत मोजून द्यायचे आहेत. एकही कमी भरला तर बाकीचे सगळे सापाच्या तोंडी जातील. विष घालू नका, मांजर आणू नका, मला आजचा एक दिवस द्या. म्हटलं, पकडीन. त्या म्हणाल्या, "कशाने पकडणार? पदवीने?"

बाबा, तेव्हा मला जिन्याखालचं गोणपाट आठवलं.

शरमेने खाली गेले आणि दोरी सोडली. सगळ्यांत वरचा काढून बाजूला ठेवला. एकाने काय होणार, तीन पिल्लांना दोन-तीन तरी लावायला हवेत, म्हणून दुसरा काढला. त्याला आकडा नव्हता. स्प्रिंग नव्हती. वाटलं, घाईत राहून गेलं असेल. तिसऱ्यालाही नाही. झडप होती, पण ती वर सरकत होती आणि बाहेरून कडी होती. माझा हात कोपरापर्यंत आत गेला आणि कुठेही ओरखडा उठला नाही, कारण जाळीची प्रत्येक कड आतल्या बाजूने पत्र्यात दुमडलेली होती. तळ ओढला तर बाहेर आला. चारी कोपरे कथलाचा डाग देऊन जोडलेले, बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. एका बाजूला तारेचं कडं होतं. ते कशाला ते आधी कळेना. मग पाण्याची बाटली आणून अडकवली. बसली. बाटलीचं मी लिहिलंच नव्हतं.

पाच घरं. जिन्याखाली दहा दिवस.

मला उंदीर पकडायला पिंजरे हवे होते आणि तुम्ही पिंजरे केलेच नव्हते. फक्त एक. तो जो सगळ्यांत वर ठेवला होतात, एखादा सुटला तर हाताला आधी लागावा म्हणून. मी तो वरचा बघून तुम्हाला पारखलं. आता नीट बघितला. त्याचीही जाळी बारीक, आणि झडपेच्या कडेला सायकलची ट्यूब कापून चिकटवलेली, शेपटी सापडली तरी तुटू नये म्हणून. आणि आत, आकड्याला दोऱ्याने बांधलेली, तुमची लाल पेन्सिल. बोटाएवढी उरलेली. दहा दिवसांपूर्वी मला ती वरून दिसली होती. वाटलं, चुकून राहिली असेल.

तुमच्या कानावरची पेन्सिल आजवर कशातही चुकून राहिलेली नाही, हे मला कळायला हवं होतं.

मी वर पळत आले आणि ती माझ्या डब्याच्या जाळीत घातली. आरपार गेली. "पेन्सिल गेली तिथून उंदीर गेला." दुकानात दर गिऱ्हाइकाला ऐकवायचात. मी पलीकडे स्टुलावर बसून गृहपाठ करायचे आणि ऐकून ऐकून ते मला ऐकूच येईनासं झालं होतं. तुमच्या घरांच्या जाळीत घातली. टोकाशी अडली.

सापळा मी कापडांच्या फळीखाली ठेवला, भिंतीला टेकवून. खोलीच्या मध्ये नाही. उंदीर भिंतीचा हात सोडत नाही हेही तुमचंच. आत पावाचा तुकडा आणि सूर्यफुलाच्या बिया. दुपारच्या आत पहिलं सापडलं. दुसरं तासाभराने. तिसऱ्याच्या वेळी शिंपीणबाई मशीन थांबवून माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या होत्या, श्वास रोखून. झडप पडली, ट्यूबमुळे आवाजसुद्धा नाही, आणि ते पिल्लू आत बसून बी खातच राहिलं. बाई म्हणाल्या, "अगंबाई, एवढंसं?" मग मला म्हणाल्या, "हा पिंजरा मला ठेव. माझ्या घरचे उंदीर शोभेचे नाहीत."

सहा पिल्लं आणि त्यांची आई आता तुमच्या पहिल्या घरात आहेत. दोन वेळा मोजली.

आता ते लिहिते जे पहिल्या पत्रात टाळलं. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "उंदीर पकडून पकडून तुला शिकवली, आणि तू उंदीरच पाळणार?" मी म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर मरणाच्या पेट्या केल्यात, मी जगवणार आहे." दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. तुम्ही कातर खाली ठेवलीत. तुमच्या पिंजऱ्यात आजवर एकही उंदीर मेलेला नाही. पुढे लोक काय करतात ते लोक जाणोत, तुम्ही जिवंत पकडता. मला ते माहीत होतं. माहीत असून बोलले, कारण लागावं असं वाटत होतं.

आणखी एक. कॉलेजात वडील काय करतात विचारलं की मी सांगायचे, लोखंडी सामानाचं दुकान आहे. तीन वर्षं सांगितलं. तुमच्या बेंचच्या वर माझं बारावीचं प्रमाणपत्र टांगलेलं होतं तेव्हाही.

चुकलं माझं, बाबा. बारीकसारीक नाही, मोठं चुकलं.


३० मार्च

बाबा,

सेकंदकाका आले. डोळ्याला भिंग लावूनच आले. आधी पिल्लं मोजली, सहा भरली. आईचे पाय उलटे करून तळवे पाहिले. मग पाचही घरं एकेक करून उचलली, वळवली, तळ ओढले, कड्या लावल्या, काढल्या. पाऊण तास गेला. शिंपीणबाई दारात उभ्या होत्या आणि मला खुणेने विचारत होत्या, काय, काय?

मी तुमची पेन्सिल काढली आणि त्यांच्यासमोर प्रत्येक जाळीला लावून दाखवली. ते भिंग कपाळावर सरकवून म्हणाले, "ही तपासणी कुठे शिकलीस?"

"घरी."

"आणि हे केले कोणी? हे दुकानातले नाहीत. याला मापं कळतात."

बाबा, उत्तर साधं होतं, तरी कॉलेजात ते मी कधी दिलं नव्हतं. म्हटलं, "माझ्या वडिलांनी. ते उंदराचे पिंजरे करतात. पकडायचे. तीस वर्षं तेच करतात."

मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "मग बरोबर आहे. कुठून निसटतात ते पकडणाऱ्यालाच ठाऊक." शिंपीणबाई मागून म्हणाल्या, "मी तर एक ठेवूनही घेतलाय!"

एकतीस वर्षांच्या वह्या माझ्या टेबलावर आहेत. दोन नर, सात माद्या आणि पिल्लं आपापल्या घरांत आहेत. सोमवारी नववीची मुलं बघायला येणार आहेत, चार-चार जण, आवाज न करता. म्हातारा नर मात्र आलेला नाही. वयात आलेल्या माद्या आधीच भांडत होत्या, त्यांच्यासाठी दोन घरं लागली. आता त्याला वेगळं घर उरलं नाही आणि तो कोणाबरोबर राहत नाही. काका म्हणाले, "तू सहा म्हणाली होतीस. एक कमी आहे."

"सहावं येणार आहे."

"कधी?"

"एक सेकंद," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणीतरी हे म्हटलं असावं. खूप हसले. मग म्हणाले की ते सात एप्रिलला निघतात, तोवर म्हाताऱ्याला सांभाळतील, पुढे नाही. त्याच्या अंगावरचा रंग सगळ्यांत मुळातला आहे. तो गेला की वंशाची पहिली ओळ जाईल.

काल आईशी बोलले. तिने सांगितलं की तुम्ही एवढ्या बारीक जाळीसाठी तीन ठिकाणी हिंडलात. चार दिवस दुसरं काम हातात धरलं नाहीत. तिने विचारलं, एवढं काय जपून करताय, उंदरांसाठीच ना? तर म्हणालात, "गिऱ्हाईक शिकलेलं आहे, चुका काढेल." आणि माझी पत्रं तुम्ही वाचत नाही असं म्हणता, पण ती कातरीखाली ठेवलेली असतात आणि रोज कातर उचलावी लागतेच, हेही तिने सांगितलं. तिच्यावर चिडू नका.

तर ही नवी ऑर्डर. उंदराचे पिंजरे, एक नग. या वेळी घर लिहीत नाही. तुम्ही पिंजरा लिहिता तेव्हा त्यात काय काय असतं ते आता कळलं.

हा मात्र गोणपाटातून पाठवायचा नाही. पत्रा आणि जाळी मी इथे आणून ठेवली आहे. जाळी घेताना आधी तपासली. शिंपीणबाईंनी खालचं मोठं टेबल रिकामं करून दिलं आहे. कातर आणि पक्कड तुमची तुम्ही आणा, माझ्या हाताला दुसरी बसत नाही आणि तुमच्या तर नाहीच. सात तारखेच्या आत या. मी शेजारी बसून बडबड करीन, तुम्ही उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

मापं पेन्सिलीशिवाय घेता येणार नाहीत, आणि पेन्सिल माझ्याकडे आहे. टपालाने मी ती पाठवणार नाही. न्यायला तुम्हालाच यावं लागेल.

— तुमची पोरगी